पुन्हा पुन्हा उगवणारं टोकन

आमच्या टीममधून दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेल्या सहकाऱ्याचा फोन आला. वैतागलेलाच होता. "अरे, तुमच्या रेपोत माझ्या नावाने पुश होतायत. मी तर तिकडे फिरकलोही नाहीये." रेपो म्हणजे कोडचा सामायिक साठा, आणि पुश म्हणजे आपले बदल सर्व्हरवरच्या त्या साठ्यात पाठवणं. सर्व्हरच्या नोंदीत खरंच त्याचं नाव होतं. बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रामच्या लॉगमध्ये मात्र त्याच कमिटपुढे (नोंदवलेल्या बदलापुढे) नव्याने आलेल्या मुलीचं.

कमिटवरचं नाव कॉन्फिगमधून, म्हणजे गिटच्या सेटिंगच्या फाइलमधून येतं, तिथे कुणीही काहीही लिहावं. पुश कुणी केलं हे सर्व्हर लॉगिनवरून ठरवतो. आणि ती बसली होती बिल्डसाठी, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार करण्यासाठी, सगळे मिळून वापरतात त्या मॅकवर.

किचेन अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे मॅकच्या पासवर्ड साठवणाऱ्या अ‍ॅपमध्ये, त्या सहकाऱ्याचं टोकन (पासवर्डऐवजी चालणारी अक्षरांची किल्ली) सापडलं, डिलीट केलं. तिला म्हटलं, आता कर. पासवर्ड न विचारता पुश गेलं, पुन्हा त्याच्याच नावाने. वर किचेनमध्ये ती नोंद परत हजर!

गिटसाठी लॉगिन साठवून ठेवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला क्रेडेन्शियल हेल्पर म्हणतात. मग तो कुठून येतोय ते शो-ओरिजिन (सेटिंग कोणत्या फाइलमधलं ते दाखवणारा पर्याय) लावून पाहिलं. दोन निघाले: सिस्टिम कॉन्फिगमध्ये ओएसएक्स-किचेन आणि होम फोल्डरच्या कॉन्फिगमध्ये कुणीतरी कधीतरी टाकलेला 'स्टोअर', जो लॉगिन साध्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. गिट हेल्परना एकेक करून विचारतं. किचेनने हात वर केले की स्टोअरला. आणि लॉगिन जमलं की सगळ्याच हेल्परना 'हे ठेवून घ्या' म्हणून सांगतं. म्हणजे मी किचेनमधून पुसायचं आणि गिटने स्टोअरमधलं घेऊन पुन्हा भरायचं, असा खेळ चालला होता.

स्टोअरची लपलेली फाइल उघडली. त्यात एकच ओळ: एचटीटीपीएस, त्याचं नाव, कोलन, अख्खं टोकन, मग अ‍ॅट आणि सर्व्हरचा पत्ता. सगळं उघड्यावर. फाइलची परवानगी 600, म्हणजे फक्त त्या अकाउंटलाच वाचता-लिहिता येईल अशी, पण अकाउंटच सगळ्यांचं एक असेल तर 600 ला कोण विचारतो? शिवाय टाइम मशीनच्या बॅकअपमध्येही ती गेलेली. म्हणून नुसती फाइल पुसण्यात अर्थ नव्हता. सहकाऱ्याला सर्व्हरवर टोकनच रद्द करायला सांगितलं. पुढचं पुश नाकारलं गेलं आणि गिटने ते टोकन दोन्हीकडून आपणहून काढून टाकलं. गिटची ही सवय मला फार आवडते.

स्टोअर हटवला. त्याच्या जागी आधी रिकामा हेल्पर लिहिला, म्हणजे सिस्टिममधला किचेनही बाद होतो, आणि त्याखाली कॅश नावाचा हेल्पर. तो लॉगिन 900 सेकंद मेमरीत ठेवतो, डिस्कवर लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर रात्रीचं बिल्ड पडलेलं. तेही त्याच टोकनवर चालत होतं! बिल्डला फक्त वाचण्यापुरती वेगळी डिप्लॉय की (कुणा माणसाची नव्हे, त्या एका रेपोपुरती किल्ली) दिली.