मावशीचे खाते

“पडताळणी अयशस्वी” ही अक्षरे आज सकाळी तिसऱ्यांदा स्क्रीनवर आली, तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या मावशीने पासबुक छातीशी धरून विचारले, “बारा वर्सं झाले याच खात्यात पैसे येते, मंग ते माहं नाही असं कसं म्हन्ते?”

सरकारी कार्यालयांना कापडी फाइली पुरवता याव्यात म्हणून ती पुरवठादार नोंदणी करत होती. नाव, पॅन, खाते क्रमांक, सारे अक्षरशः जुळत होते.

चूक सापडली ती दुपारी, बँकेच्या खिडकीवर. पासबुकावरचा 11 अक्षरी आयएफएससी कोड (बँकेची शाखा ओळखण्याचा कोड) जुन्या बँकेचा होता. 1 एप्रिल 2020 रोजी 10 सरकारी बँकांच्या 4 झाल्या आणि पुढे विलीन झालेल्या बँकांच्या शाखांचे कोड बदलले. मावशीचे पासबुक मात्र त्याआधीचेच होते. (या कोडात पाचव्या जागी नेहमी शून्य असते, तिथे चुकून इंग्रजी ‘ओ’ टाइप झाला तरी पडताळणी अडते, हेही तिथेच कळले.)

नवा कोड भरताच काम झाले. पण “हा कोड आता बंद आहे” एवढे एकच वाक्य स्क्रीनवर आले असते, तर अर्धा दिवस तिने स्वतःच्याच खात्याविषयी शंका का घेतली असती?