रंगाच्या संशोधनात मेंदू कुठून आला?

लातूर किंवा अंबाजोगाईला महाविद्यालयात बोलायला गेले, की एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, तुमचे संशोधन कातडीच्या रंगावर, मग त्यात मेंदू आणि संवेदना कशाला?" तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयार करणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी जन्माने त्वचेच्या नाहीतच. गर्भात मज्जासंस्थेची नळी मिटत असताना तिच्या काठाशी न्यूरल क्रेस्ट नावाचा पेशींचा पट्टा असतो. मेलॅनोसाइट तिथून निघून त्वचेत येतात आणि मज्जातंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशींचे मूळही तेच. काही मेलॅनोसाइट आतल्या कानात स्थिरावतात आणि ऐकण्यासाठी लागणारा विद्युतदाब राखतात. वार्डेनबर्ग सिंड्रोममध्ये कपाळावरची पांढरी बट आणि जन्मजात बहिरेपणा एकाच मुलात दिसू शकतो, तो यामुळेच.

आपल्या मराठवाड्यात हे नाते मला सर्वाधिक जाणवते ते पांढऱ्या डागांच्या बाबतीत. डाग दिसला की घरचे आधी कुष्ठरोगाच्या धास्तीने गप्प होतात आणि मुलगी लग्नाची असेल, तर तो लपवण्यातच मोलाचा काळ निघून जातो. वास्तविक पहिली तपासणी अगदी साधी असते. रुग्णाला डोळे मिटायला सांगून कापसाचे टोक डागावर हलकेच टेकवायचे आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगायचे. कोड असेल तर बोट नेमके तिथेच जाते, कारण मेलॅनोसाइट नष्ट झालेल्या असल्या तरी स्पर्श नेणारे तंतू शाबूत असतात. कुष्ठरोगाचे जंतू मात्र श्वान पेशींतच शिरत असल्यामुळे त्याचा फिकट किंवा तांबूस चट्टा बहुधा बधिर असतो. कोड स्पर्शाने पसरत नाही. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर हातापायांची विकृती टळू शकते. एवढे तरी घरोघरी माहीत असायलाच हवे, असे मला कळकळीने वाटते.

मेंदूचा धागा याहून थेट आहे. अल्फा-एमएसएच हे संप्रेरक पेशींपर्यंत निरोप पोहोचवते आणि तो घेणाऱ्या मेलॅनोकॉर्टिन रिसेप्टरचे पाच प्रकार आहेत. पहिला मेलॅनोसाइटवर असतो आणि निरोप मिळाला की तिला गडद रंगद्रव्य बनवायला लावतो; त्याचे जनुक १९९२ मध्ये हाती आले. चौथा मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये, भूक आवरतो. अगूटी हे प्रथिन दोन्ही अडवू शकते, आणि ज्या उंदरांत ते शरीरभर तयार होते, ते पिवळेही असतात आणि लठ्ठही. अमेरिकेत २०२० मध्ये काही दुर्मीळ जनुकीय लठ्ठपणासाठी मान्यता मिळालेले सेटमेलॅनोटाइड हे औषध चौथ्या रिसेप्टरसाठी बनवलेले असूनही अनेक रुग्णांची कातडी काळवंडवते, कारण ते पहिल्यालाही चेतवते. उलट पहिल्या रिसेप्टरला चेतवणारे अफामेलॅनोटाइड हे औषध कोडावर अतिनील किरणांच्या जोडीने तपासले गेले आहे. डागात मेलॅनोसाइटच उरल्या नसतील, तर नुसता निरोप धाडून भागत नाही. केसांच्या मुळाशी राखीव राहिलेल्या पेशी किरणांनी जाग्या होऊन वर सरकाव्या लागतात. म्हणूनच उपचार लागू पडला की रंग बहुधा केसांभोवती बारीक ठिपक्यांनी परततो आणि ज्या डागातले केसही पांढरे झाले आहेत, तिथे तो आणणे फार अवघड जाते.