एका ‘ळ’साठी

आई पिठं पाकिटांत भरून विकते. त्यांत यंदा कुळथाचं पीठ वाढलं आणि त्याच्या पाकिटासाठी मला एक ‘ळ’ हवा होता. फक्त एक. बाकीची अक्षरं जुन्या लेबलांवर होती. थालीपीठ भाजणीतून ‘थ’ आणि अख्खं ‘पीठ’ उचललं, मेतकुटातला ‘क’ घेतला. ‘ळ’ मात्र कुठेच नाही. लेबल २००४ सालचं, आणि आई ठाम: “गिऱ्हाईक पाकीट वाचत नाही, ओळखतं. अक्षर बदलायचं नाही.” म्हणजे फॉन्ट शोधणं आलं.

लेबल छापणारा प्रेस पेठेत अजून चालू आहे. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम.

पहिल्या दिवशी ऑपरेटर जेवायला गेलेला. दुसऱ्या दिवशी फाइल सापडली, कोरलड्रॉमध्ये उघडली, मी खुर्ची पुढे ओढून त्याला म्हटलं, अक्षरांवर क्लिक करा, वर फॉन्टचं नाव येईल. काही आलं नाही.

“फाइल कर्व्ह आहे, ताई.”

पुढचे पंधरा दिवस हे वाक्य माझ्या कानात होतं. कर्व्ह म्हणजे अक्षरांची अक्षरं न ठेवता नुसत्या आकृत्या करून टाकायच्या. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला तरी मजकूर विस्कटत नाही, म्हणून छपाईआधी सगळे तसं करतात. त्यात चूक काही नाही. पण कर्व्ह करण्याआधीची एक प्रत ठेवायची असते की नाही? “ती जुन्या मशीनवर असेल.” जुनं मशीन कुठंय? माळ्यावर. माळ्यावर चढणारा मुलगा? सुट्टीवर. तो आला, मशीन उतरलं, धूळ झटकली, चालूही झालं (मला त्या मशीनचं खरंच कौतुक वाटलं), तर श्रीलिपी, म्हणजे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, उघडेना, कारण तिला संगणकाच्या मागे परवान्याचा एक लॉक लावावा लागतो आणि तो लॉक मालकांच्या कपाटात. मालक गावाला. मालक आले तेव्हा कपाटात तीन लॉक निघाले, तिघांपैकी एकही चालेना. “उद्या या” हे मी पाच वेळा ऐकलं. पाच वेळा रिक्षा केली, कारण पेठेत गाडी लावायला जागा मिळणं हा आणखी एक वेगळा लेख होईल.

शेवटी विचारलं, निदान फॉन्ट आठवतोय का? “श्रीलिपीतलाच कुठला तरी नंबर असणार.” ज्यांनी डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची जुळणी, केलेली नाही त्यांच्यासाठी: श्रीलिपीच्या फॉन्टांना आकडे असतात. ‘कुठला तरी नंबर’ म्हणजे ‘कोथरूडमधलं कुठलं तरी घर’.

या फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत घरी जे करून पाहिलं तेही सांगते. व्हॉट द फॉन्टवर लेबलाचा फोटो चढवला. ही साइट अक्षरं सुटी करून बघते. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली, त्यामुळे तिला ‘मेतकूट’ हे एकच अगडबंब अक्षर वाटलं. मी पेंटमध्ये शिरोरेषा खोडून पुन्हा चढवलं. उत्तरादाखल इंग्रजी लग्नपत्रिकांचे वळणदार फॉन्ट आले. गुगल लेन्सनं ‘भाजणी’ अचूक वाचलं, पण वाचणं वेगळं आणि हात ओळखणं वेगळं. मग एआयला विचारलं. आधी म्हणाला मुक्ता, मग हिंद, मग पुन्हा मुक्ता, दरवेळी तितक्याच खात्रीनं. मुक्ताची रेघ साधारण एकाच जाडीची असते. आईच्या लेबलावरची बोरूनं लिहिल्यासारखी जाड-बारीक. एवढं तर मलाही दिसत होतं.

लेबलावर सगळ्यात वर ब्रँडचं नाव आहे, तेही मी दोन संध्याकाळी शोधत बसले. नाव इथे सांगत नाही, पण त्यात ‘स’ दोनदा येतो. तिसऱ्या संध्याकाळी स्क्रीनवर मोठं केल्यावर दिसलं की एका ‘स’चं पोट दुसऱ्यापेक्षा मोठं आहे. फॉन्ट असता तर दोन्ही जुळे भाऊ असते. आईला विचारलं तर म्हणे, ते आपल्या चौकातल्या पेंटरनं लिहून दिलंय, चहा पिता पिता. त्यामुळे जे मी शेवटी केलं ते तुम्ही सगळ्यात आधी करा: एकच अक्षर दोन ठिकाणी शोधा आणि ताडून पाहा. आपल्याकडे नाटकांच्या जाहिरातींपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत किती तरी नावं हातानं काढलेली आहेत. नाटकांची नावं हातानं रेखाटणाऱ्या कमल शेडग्यांच्या अक्षराचा फॉन्ट शोधत बसाल तर जन्म जाईल.

आणखी एक आठवलं. जुनी पीडीएफ हाताशी असेल तर ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबा, फॉन्ट्स नावाच्या टॅबमध्ये यादी मिळते. अर्थात फाइल कर्व्ह नसेल तर.

सापडला तो असा. चिडून मॅकबुकवर फॉन्ट बुक उघडलं, देवनागरी फॉन्ट एकेक करून बघायला लागले आणि यादीत दिसलं: श्री देवनागरी ७१४. श्रीलिपी काढणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेकचा फॉन्ट, ॲपलनं मॅकमध्ये घालून दिलेला. कंपनी पुण्याची, मी पुण्यात, फॉन्ट माझ्याच मांडीवर आणि मी पंधरा दिवस रिक्षात.

तरी लगेच विश्वास ठेवला नाही. ‘थालीपीठ भाजणी’ त्यात टाइप केलं, लेबलाच्या स्कॅनवर अर्धपारदर्शक करून ठेवलं, उंची शिरोरेषेपासून कान्याच्या टोकापर्यंत जुळवली. सगळी अक्षरं तपासायची गरज नसते. ‘क’ची गाठ, ‘भ’ची सुरुवात, ‘ण’ आणि वेलांटीची कमान जुळली की पुरे. ‘अ’, ‘झ’ किंवा ५, ८, ९ हे आकडे असतील तर उत्तमच, ते लवकर चुगली करतात. फक्त ‘ल’ किंवा ‘श’ हिंदी वळणाचा दिसला म्हणून फॉन्ट बाद करू नका. काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी केली की दोन्ही अक्षरं बदलतात. मी या नादात दोन बरे फॉन्ट उगाच नाकारले होते. इथे मात्र स्कॅनवरचं अक्षर टाइप केलेल्या अक्षराखाली नाहीसंच झालं. ‘ळ’ टाइप केला. रात्रीचे साडेबारा वाजले होते, आईला उठवून दाखवला.

मॅकवरचा हा फॉन्ट युनिकोड आहे, म्हणजे अक्षरांच्या आजच्या सर्वमान्य संकेतांवर चालणारा; जुन्या श्रीलिपीचे संकेत वेगळे. जुन्या श्रीलिपीतला मजकूर त्यात नुसता चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, तो पुन्हा टाइप करावा लागतो. पाकिटाच्या मागच्या बाजूची जिन्नसांची यादी मी पुन्हा टाइप केली.

प्रेसला फाइल पाठवताना मीही ती कर्व्ह केली. न केलेली प्रत माझ्याकडे आहे, फाइलच्या नावातच फॉन्टचं नाव घालून. पाकिटं आणायला गेले तेव्हा ऑपरेटरनं एक हातात घेतलं, उजेडाकडे धरलं.

“हा तर सातशे चौदा. छान बसलाय.”

मी पैसे दिले आणि पावती मागितली. म्हणाला, उद्या या.