यॉटचं बुकिंग, अमळनेरहून

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुंबईत गेटवेसमोर यॉट भाड्यानं घ्यायचं ठरलं आणि फोनाफोनी माझ्या गळ्यात पडली. पहिला एजंट केक, फुगे, फोटो यापलीकडे बोलेना. लाइफ जॅकेटचं विचारलं तर म्हणे, ‘सब है साहब.’ दुसऱ्यानं पैशांआधी विचारलं, मुलं किती, पोहता कोणाला येतं, कोणाला काही आजार आहे का, प्रत्येकाचं वजन किती? त्यालाच पक्कं केलं.

वजनाची यादी करताना अमळनेरच्या घरात रणकंदन झालं. काकू तर आकडा सांगेचनात. पण जॅकेट वयावर नाही, वजनावर आणि छातीच्या मापावर बसतं. ढगळ जॅकेटमधून लहान मूल पाण्यात खाली निसटतं, म्हणून मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून घेतलेला पट्टा हवा. पट्टे आवळून खांद्याशी धरून वर ओढून बघायचं. कानापर्यंत आलं तर माप चुकलं.

नानाकाकांचं वेगळंच. ‘मी तापीमा पोहेल माणूस, माले जाकीट कसाले?’ डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्याची आठवण दिली. अशा धडकेत डोक्याला मार लागला की पोहणं काय कामाचं? काका गप्प बसले, पटलं असं नाही.

गेटवेला यॉटपर्यंत छोट्या होडीनं जावं लागतं. चढता-उतरताना पाय घसरायची भीती जास्त, त्यामुळे जॅकेट धक्क्यावरच घालायला लावलं. वर गेल्यावर खलाशानं आग विझवायचं नळकांडं, फेकायची रिंग आणि वायरलेस दाखवला; संकटाची हाक चॅनल १६ वर द्यायची. शिडाखालचा आडवा दांडा यॉट वळताना झपकन फिरतो, तेव्हा डोकी खाली. कोणी पाण्यात पडलंच तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. ओरडायचं, रिंग फेकायची आणि एकानं पडलेल्याकडे बोट रोखून उभं राहायचं, कारण लाटांत डोकं चटकन दिसेनासं होतं. हे काम काकांना दिलं, तेव्हा कुठे ते खूश झाले. तटरक्षक दलाचा १५५४ मी मोबाइलमध्ये टाकून घेतला.

दारू चालणार नाही, हे बुकिंगलाच सांगितलं होतं. भावाचे मित्र त्यावरून कुरकुरले. मला बरं वाटलं. उलटीची गोळी मात्र निघण्याआधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

आता धुळ्याच्या साडूंना जायचंय. पावसाळ्यात हे बंद असतं, त्यामुळे दिवाळीनंतरचं बघा म्हटलं, आणि आधी घरातल्यांची वजनं काढा.