देऊन मोकळं व्हा

"वेर, कुर्तुल." हेल्लिम चीजचं पाकीट पिशवीत घालता घालता दुकानदारकाका म्हणाले.

उत्तर लंडनमधलं आमच्या गल्लीतलं दुकान. काका सायप्रसचे तुर्की. त्या दोन शब्दांचा अर्थ, देऊन टाका, सुटा. म्हणजे आपलं 'देऊन मोकळं व्हा'. सायप्रस बेट दुभंगलेलं, उत्तरेत तुर्की, दक्षिणेत ग्रीक. ते पुन्हा जोडायचा तोडगा मागणाऱ्यांना तुर्कस्तानातली काही वर्तमानपत्रं तेव्हा हाच टोमणा मारायची.

डिसेंबर २००३ मध्ये उत्तर सायप्रसात निवडणूक झाली. ५० जागा, निकाल २५-२५. निम्मे तोडगा काढून युरोपीय संघात जाऊ म्हणणारे, निम्मे तोडग्याला विरोध करणारे उत्तरेचे तेव्हाचे अध्यक्ष देंक्ताश यांच्या बाजूचे.

बेट जोडायच्या संयुक्त राष्ट्रांच्या योजनेवर २४ एप्रिल २००४ ला दोन्हीकडे सार्वमत झालं. त्यात काकांची आई 'एवेत', म्हणजे हो म्हणाली. उत्तरेतले ६५ टक्के हो म्हणाले, दक्षिणेतले ७६ टक्के नाही. १ मेला सायप्रस संघात गेला, पण संघाचे कायदे उत्तरेत लागूच झाले नाहीत.

"काय द्यायचं यावर पानंच्या पानं लिहिली," काका म्हणाले. "आम्हाला काय हवंय, ते कोण विचारणार?" सुट्टे पैसे हातातच राहिले त्यांच्या.

चीज तव्यावर टाकलं तरी डोक्यातून ते जाईना. त्या माउलीचं 'हो' कुणाच्या खात्यात जमा झालं असेल?