तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला आरपीजी कोणता?

"दादा, ते वरून दिसणारे, ढीगभर गप्पा असलेले जुन्या वळणाचे आरपीजी असतात ना, त्यातला एखादा खेळून बघायचाय. कुठला घेऊ?" आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, आपलं पात्र घडवून त्याच्या भूमिकेतून खेळायचा कॉम्प्युटरवरचा गेम. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यातलाच 'बाल्डर्स गेट ३' आला आणि तेव्हापासून हा प्रश्न मला वरचेवर येतो. ऑफिसातल्या पोरांकडून येतो, भाच्याकडून येतो, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट बघता बघता शेजारच्या पाहुण्यांनी विचारला. आजवर मी "बघा, तुमच्या आवडीवर आहे" असं गुळमुळीत काहीतरी बोलून सुटायचो. ते काही खरं नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण त्यांनी ते नाव ऐकलेलं नसतं.

'शॅडोरन: ड्रॅगनफॉल'. २०१४ चा गेम. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघालेली 'डायरेक्टर्स कट' आवृत्ती घ्या, ती स्वतंत्रपणे चालते.

आता हाच का, ते सांगायचं तर आधी माझी फजिती सांगावी लागेल.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आमच्या खोलीत चौघांत एक कॉम्प्युटर होता. एका सीनियरने जाताना 'बाल्डर्स गेट'च्या पाच सीडी माझ्या हातात ठेवल्या आणि "याच्यासारखं काही नाही" एवढं एकच वाक्य बोलून तो गावी गेला. १९९८ चा गेम. सोबत यायला हवं ते मॅन्युअल कुठे गेलं होतं कुणास ठाऊक. मी मोठ्या हौसेने जादूगार निवडला. कँडलकीप नावाच्या तटबंदीतल्या ग्रंथालयात तुम्ही लहानाचे मोठे झालेले असता; तिथे कोठारातले उंदीर मार, याची वस्तू त्याला नेऊन दे, अशी किरकोळ कामं केली. मग सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याबरोबर रात्री बाहेर पडलो, वाटेत तो मारला गेला, आणि सकाळी मी आणि इमोएन नावाची बालमैत्रीण रानात. थोडं पुढे गेलो. एक लांडगा आला. मी मेलो.

पुन्हा लोड केलं. पुन्हा लांडगा. पहिल्या पातळीवरच्या जादूगाराला चार-सहा प्राण असतात आणि लांडग्याच्या एका-दोन चाव्यांत ते संपतात, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. दिवसाला एकच मंत्र टाकता येतो आणि मग झोप काढावी लागते, हेही नव्हतं सांगितलं. कसाबसा फ्रेंडली आर्म इन या सरायीपर्यंत पोचलो, तर पायऱ्यांवरच एक मारेकरी माझी वाट बघत उभा. त्या पायऱ्यांवर मी किती वेळा मेलो ते मोजायचं सोडून दिलं. शेवटी सीडी पलंगाखाली गेल्या आणि "हे आपल्याला जमण्यातलं नाही" असं ठरवून मी दहा-बारा वर्षं या सगळ्या प्रकाराच्या वाटेला गेलो नाही.

चूक गेमची नव्हती. तो गेम ज्यांच्यासाठी केला होता, त्यांना नियम आधीच पाठ होते. या गेमांचं मूळ १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये आहे. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा, आणि टेबलाभोवती बसलेले चार-पाच मित्र. 'बाल्डर्स गेट'ने त्याच खेळाची तेव्हाची नियमावली उचलून कॉम्प्युटरमध्ये बसवली. फासे आत पडत राहतात आणि तुम्हाला दिसतो तो फक्त निकाल. त्यात ते कुप्रसिद्ध 'थॅको': समोरच्याच्या चिलखताचा आकडा शून्य असेल तर वार लागायला फाशावर किती पडायला हवेत, तो आकडा. चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं, वर्गातल्या नंबरासारखं: पहिला उत्तम, दहावा सुमार. आणि इथे तो आकडा शून्याखालीही जातो! तुमचा थॅको २० आणि समोरच्याचं चिलखत ५ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा जास्त पडायला हवेत, तर वार लागला. गणित सोपं आहे, वजाबाकीच आहे. पण ते कुणी न सांगता कळणं शक्य नाही, आणि लांडगा तुम्हाला विचार करायला वेळ देत नाही. सगळे एकाच वेळी पळत असतात. स्पेसबार दाबून थांबवायचं, हुकूम द्यायचे, पुन्हा सोडायचं. नवख्याला थांबवायचं केव्हा हेच कळत नाही.

या गेमांत खरं काय आहे ते मला त्या पायऱ्यांच्या पलीकडे भेटणार होतं. धाडी घालायला निघाल्यासारखा, खांद्यावर हॅम्स्टर (उंदरासारखा पाळीव प्राणी) घेऊन फिरणारा मिन्स्क, एकमेकांशी पटत नसलेली आणि रस्त्याने चालता चालता टोमणे मारणारी सोबती मंडळी, मागे कधीतरी कुणाला काय बोललो ते लक्षात ठेवणारी गावं. तिथवर मी पोचलोच नाही. म्हणून पहिल्या गेमची माझी कसोटी एकच आहे: नियम डोळ्यांसमोर हवेत आणि माणसं लवकर भेटायला हवीत. पहिल्या दोन तासांत एखाद्या पात्राची काळजी वाटायला लागली, तर पुढचे नियम माणूस आपणहून शिकतो.

'ड्रॅगनफॉल' या कसोटीला जसा उतरतो तसा दुसरा मला माहीत नाही. जागा बर्लिन, साल २०५४. जगात जादू परत आलेली आहे, त्यामुळे परीकथांतले ट्रोल आणि एल्फ मेट्रोतून फिरतात आणि कंपन्यांच्या सर्व्हरवर दरोडे घालणारे भाडोत्री लोक गल्लीबोळांत राहतात. तुम्ही त्यांतले एक. शहरात सरकार असं नाही, अराज्यवाद्यांचा कारभार आहे, आणि तुमची टोळी क्रॉइझबासार नावाच्या एका मोहल्ल्यात तळ टाकून आहे. सुरुवातीलाच एक सोपं वाटणारं काम हाताबाहेर जातं आणि टोळीतलं एक माणूस परत येत नाही. मग त्यामागचा माग काढायचा तर माहिती विकणाऱ्या बाईला पन्नास हजार नूयेन (तिथलं चलन) द्यायचे, म्हणजे तेवढे कमवायचे. झालं, गोष्टीला कणा मिळाला. तासाभरात तुम्हाला कळलेलं असतं की पैसा का हवाय आणि कुणासाठी.

एका कामगिरीवर चौघेच जातात. लढाई आळीपाळीने चालते: तुमची पाळी, मग त्यांची. विचाराला हवा तेवढा वेळ. बंदूक रोखली की गोळी लागायची शक्यता किती टक्के ते समोर लिहून येतं. नव्वद टक्के असताना गोळी हुकते आणि तुम्ही कुणालातरी शिव्या घालता, पण निदान का हुकली ते माहीत असतं. थॅकोशी झगडलेल्या माणसाला या साध्या आकड्याचं केवढं कौतुक वाटतं म्हणून सांगू!

पण मला आवडतं ते कामगिऱ्यांच्या मधलं. प्रत्येक वेळी तळावर परतलात की माणसं थोडी बदललेली असतात. आयगर, लष्करातून आलेली ट्रोल बाई, सुरुवातीला तुम्हाला मोजतच नाही. पुढारीपण तुमच्याकडे का यावं असं तिला तोंडावर विचारायचं असतं आणि ती विचारते. डीट्रिच हा एकेकाळचा पंक गायक, आता शमन, म्हणजे आत्म्यांना हाक घालणारा मांत्रिक. ग्लोरी जवळपास बोलतच नाही, आणि तिने शरीराचा इतका भाग यंत्राने का बदलून घेतला हे कळायला अनेक फेऱ्या जाव्या लागतात. घाईने पुढची कामगिरी घेतलीत तर हे सगळं तुमच्या हातून निसटतं आणि गेम तुम्हाला त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. हे मला फार आवडलं.

वीस-पंचवीस तासांत संपतो, हाही मोठा गुण. संपवलेला एक गेम अर्धवट सोडलेल्या चारांहून जास्त शिकवतो. जुन्या ऑफिसच्या लॅपटॉपवरही चालतो.

आता हमखास येणारे उलट प्रश्न.

"पण 'बाल्डर्स गेट ३'च का नको?" नको असं नाही. गोष्ट स्वतंत्र आहे, आधीचे दोन खेळलेले नसले तरी अडत नाही, फासा पडद्यावर गडगडताना दिसतो आणि पात्रं पहिल्या तासात भेटतात. माझ्या कसोटीला तो उतरतो. पण दीडशे जीबी जागा, बऱ्यापैकी ताकदीचं मशीन आणि शंभरएक तास मागतो. शिवाय प्रत्येक संवाद चित्रपटासारखा चेहऱ्यांसकट दिसतो, त्याची एकदा सवय लागली की मागे वळून कोरड्या ओळी वाचणं जड जातं. जुन्या वळणाचे गेम तुम्हाला खरंच खेळायचे असतील तर क्रम उलटा ठेवा. नुसता हाच एक खेळायचा असेल तर मला विचारायची गरजच नव्हती, घ्या की.

"सगळे म्हणतात 'प्लेनस्केप: टॉरमेंट' सर्वांत थोर." आहेच. १९९९ चा. शवागारातल्या ओट्यावर तुम्ही जागे होता, काही आठवत नाही, पाठीवर सूचना गोंदलेल्या आहेत आणि हवेत तरंगणारी एक कवटी त्या तुम्हाला वाचून दाखवते. याहून चांगली सुरुवात मी पाहिलेली नाही. मेलात तरी बहुतेकदा गेम संपत नाही, तुम्ही पुन्हा उठता, कारण तुम्ही मरूच शकत नाही हीच तर गोष्ट आहे. तरी पहिला म्हणून नको, आणि त्याचं कारण भाषा. तिथली माणसं बोलतात ती बोली लंडनच्या जुन्या चोरट्यांच्या भाषेवरून घेतलेली आहे. 'बर्क' म्हणजे मूर्ख, 'कटर' म्हणजे साधारण आपलं 'भिडू'. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं. पुढे इंग्रजी सुधारलं, पण गेममधल्या सिगिल शहरातले पहिले काही तास मी अंदाजपंचे काढले. आणि मजकूर तर लाखो शब्दांचा. हे गेम मराठीत नाहीत, इंग्रजीतच वाचायचे आहेत, तेव्हा पहिला असा घ्या की त्याची इंग्रजी सरळ आहे. 'ड्रॅगनफॉल'मध्ये अधूनमधून जर्मन शब्द येतात, पण ते संदर्भाने लागतात. 'प्लेनस्केप' तिसरा-चौथा खेळा आणि पावसाळ्यात खेळा.

'डिस्को एलिझियम'? वाचनाची आवड असणाऱ्याला हा मोह पडतोच. लढाईची वेगळी यंत्रणाच नाही, चोवीस कौशल्यं तुमच्या डोक्यात बसून एकमेकांशी भांडतात. नाजूक प्रकृतीचं पात्र घेतलंत तर पंख्यावर अडकलेला टाय काढताना हृदयविकाराच्या झटक्याने खेळ तिथेच आटोपू शकतो. विलक्षण आहे. पण तो या सगळ्या प्रकाराची थट्टा करत करत मोठा झालेला गेम आहे, आणि ज्याची थट्टा चाललीये ते आधी माहीत असलेलं बरं.

१९९७ चा 'फॉलआउट' मी दुसरा म्हणून सांगतो. छोटा, कडक. तळघरातल्या वस्तीचं पाणी शुद्ध करणारी चिप बिघडली आहे, दीडशे दिवसांत दुसरी आणायची. पात्राची बुद्धी अगदी कमी ठेवलीत तर त्याला धड वाक्य बोलता येत नाही आणि अख्खी दुनिया तुमच्याशी तशीच वागते. इतक्या वर्षांनी आजही हे बघून हसू येतं. बटणं मात्र त्याच काळातली, सोसावी लागतात.

'पाथफाइंडर'चे दोन्ही गेम तूर्त बाजूला ठेवा. माझ्या एका मित्राने त्यातल्या दुसऱ्याने सुरुवात केली, पात्र घडवण्यातच शनिवारची दुपार गेली, आणि रविवारी त्याने क्रिकेट लावलं.

आणि हो, 'बाल्डर्स गेट'. 'ड्रॅगनफॉल' संपवल्यावर मी त्याची नवी, डागडुजी केलेली आवृत्ती घेतली. या वेळी योद्धा निवडला. त्या पायऱ्यांवरच्या मारेकऱ्याला पहिल्याच झटक्यात मारलं आणि रात्री साडेअकरा वाजता खोलीत एकटाच "घे!" म्हणून ओरडलो. बायको उठून बघायला आली.

तर तुमची पहिली रात्र. पात्र घडवायच्या पडद्यावर फार रेंगाळू नका, तयार साचे दिलेत त्यातला 'स्ट्रीट समुराई' घ्या, बंदूक चालवा. थोडे गुण कॅरिस्मात, म्हणजे माणसांवर छाप पाडायच्या ताकदीत, टाका, म्हणजे विशिष्ट तऱ्हेच्या लोकांशी त्यांच्या रीतीने बोलण्याची सोय मिळते आणि काही दारं गोळी न झाडता उघडतात. बोलताना चुकलं तर लगेच मागचं सेव्ह उघडू नका, चुकीसकट पुढे जा. पहिली कामगिरी बिघडेल. ती सगळ्यांची बिघडते, तशीच लिहिलेली आहे. मोहल्ल्यात परतलात की लगेच कामाला लागू नका. एक चक्कर मारा, टोळीतल्या प्रत्येकाशी बोला, कॉफीच्या दुकानात डोकवा. तळावर दांते नावाचा एक दांडगा कुत्रा असेल, त्याच्याजवळही जा. मग सेव्ह करून झोपा.