कोल्हापुरी स्टँडअपचं स्ट्रीमिंग सुरू केलं, पण खरं रखडलं पैसे घेण्यात : माझा अनुभव

स्टँडअपचं सबस्क्रिप्शनवालं काही काढायचं डोक्यात असेल तर कॅमेरा नंतर घ्या, वेबसाइट नंतर सजवा, आधी पेमेंट गेटवेचा, म्हणजे साइटवर लोकांचे पैसे ऑनलाइन घेऊन देणाऱ्या कंपनीकडं, अर्ज टाका. हे पहिल्याच ओळीत सांगतोय कारण आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि अजूनही त्या कंपनीचा ईमेल दिसला की माझं डोकं तापतं.

आधी थोडक्यात आमचं. राजारामपुरीत एका कॅफेत आम्ही मित्र ओपन माइक घ्यायचो, म्हणजे कुणीही यावं आणि माइकवर विनोद करून बघावेत. कागल, इचलकरंजी, गडहिंग्लज, निपाणीहून पोरं यायची. तालमींचा फुटबॉल, ऊसदर, केएमटीची बस, पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर गेलं याच्यावर घरोघरी चालणारी चर्चा, ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे इथल्या लहान पोराला पण पाठ असतं, असल्या विषयांवर ही पोरं लोकांना खुर्चीवरून पाडायची. आणि तीच पोरं पुण्या-मुंबईत सेट, म्हणजे स्टेजवरचा आपला विनोदाचा कार्यक्रम, करायला गेली की भाषा धुऊन पुसून घ्यायची. मला ते लई लागायचं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१७ ला महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, जिथं १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, त्या गावातल्या कलाकारानं दरवेळी गाव सोडूनच मोठं का व्हायचं? त्यात ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. त्या रात्री आमच्यातले अर्धे जण तिथं रस्त्यावर उभे होते, कुणी बोलत नव्हतं. त्यानंतर ठरलंच, की छोट्या हॉलमध्ये शूट करायचं, महिन्याला ७९ रुपये घ्यायचे आणि त्यातला ठरलेला वाटा थेट पोरांना द्यायचा.

शूटिंग, एडिटिंग, साइट हे सगळं झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. एकच सांगतो, आवाजावर खर्च करा. कॉमिकच्या हातातला माइक तर असतोच, पण प्रेक्षकांकडं तोंड करून दोन वेगळे माइक लावा, हशा नीट ऐकू आला नाही तर घरी बघणाऱ्याला भारी सेट पण पडल्यासारखा वाटतो. आणि रेंज कमी असली तर २४० पी पर्यंत खाली येईल अशी क्वालिटी पण ठेवा, आपल्याकडं राधानगरी, गगनबावडा साइडला रेंज कशी असते माहितीच आहे.

आता गेटवे. कागदं सगळी होती. शॉप ॲक्टची पावती, उद्यम नोंदणी, पॅन, करंट खातं, जीएसटी नंबर. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी सहसा सक्तीचा नसतो, पण शाहूपुरीतले आमचे सीए काका म्हणाले, "घेऊन ठेव, पुढं कुठं अडायला नको," म्हणून घेतला. सबस्क्रिप्शनवर १८ टक्के बसतो, म्हणजे ७९ मधले साधारण १२ रुपये तिथंच जातात, दर ठरवताना हे धरा.

अर्ज टाकला आणि उत्तर आलं की साइटवर विकायचा माल दिसत नाही. अहो, माल दिसणार कसा, तो सबस्क्रिप्शनच्या आत आहे, आणि सबस्क्रिप्शन घ्यायला तुमचंच गेटवे पाहिजे! आम्ही ट्रेलर बाहेर लावले, तपासणाऱ्याला फुकट आत जाऊन बघता यावं म्हणून डेमो लॉगिन केलं, ते ईमेलनं पाठवलं. पुन्हा तेच उत्तर, शब्दसुद्धा तेच. ईमेल वाचणारा वेगळा आणि साइट तपासणारा वेगळा हे कळायलाच इतका वेळ गेला, डेमो लॉगिन अर्जातल्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं तेव्हा गाडी हलली. तुम्ही पहिल्याच दिवशी तिथं लिहा. रिफंड, प्रायव्हसी, अटी आणि संपर्काचा पत्ता ही पानं पण आधीच करून ठेवा, त्याशिवाय ते पुढचं बघतच नाहीत.

आणि मग खरा घोळ. अर्ज नामंजूर, कारण "प्रौढ कंटेंट".

हे कुठून आलं सांगतो. २५ फेब्रुवारी २०२१ चे आयटी नियम आहेत, त्यात ऑनलाइन कार्यक्रम दाखवणाऱ्यानं प्रत्येक कार्यक्रमाला वयाचा शिक्का द्यायचा असतो, यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. आमच्या तीन सेटमध्ये अस्सल पेठेतल्या शिव्या आहेत, त्या कापायच्या नाहीत असं आम्ही पक्कं ठरवलेलं, म्हणून प्रामाणिकपणे ए लावला आणि त्याला वय तपासणीची पायरी पण लावली. तपासणाऱ्यानं ए बघितला आणि आम्हाला थेट अश्लील साइटच्या रांगेत बसवलं, त्या धंद्याला ते गेटवे देतच नाहीत. म्हणजे सरकारचा नियम पाळला म्हणून कंपनीनं बाहेर काढलं. शिक्का काढला असता तर कंपनी खूश झाली असती आणि नियम मोडला असता.

त्यांच्या साइटवर तक्रारीचं तिकीट टाकलं. तिकीट बंद. परत टाकलं, परत बंद, वर "तुमचा अनुभव कसा होता, तारे द्या". फोन नंबर कुठंच नाही. चॅटवर जो कोण होता तो प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं विचारायचा. इकडं पोरं विचारायची, "दादा, कधी सुरू होणार?" गडहिंग्लजच्या एकानं घरात सांगून टाकलेलं, आता महिन्याला पैसे येणार म्हणून, त्याचे वडील मला फोन करून विचारायचे आणि मी त्यांना काय सांगू, की तुमच्या पोराचा गावच्या जत्रेवरचा सेट कुणीतरी न ऐकताच घाण ठरवलाय? त्या दिवसांत मला रात्रीची झोप नव्हती. दसऱ्याला सुरू करायचं पोस्टर छापून आलेलं, ते तसंच गठ्ठ्यात राहिलं.

शेवटी सीए काकांनीच वाट काढली. ते म्हणाले भांडू नको, त्यांना फाइलला लावायला कागद दे. मग लेटरहेडवर एक तक्ता केला. प्रत्येक शोचं नाव, कॉमिकशी झालेल्या कराराची तारीख, वयाचा शिक्का, आणि शिक्का कशामुळं ते एका शब्दात, भाषा. नियमातच आहे की शिक्क्यासोबत कारण पण दाखवायचं असतं, हिंसा आहे, भाषा आहे की आणखी काय, तर ते साइटवर पण शिक्क्याच्या शेजारी ठळक केलं. नियमांच्या परिशिष्टातलं ते पान जोडलं, नग्नता किंवा लैंगिक दृश्य एकाही व्हिडिओत नाही असं सहीनिशी लिहून दिलं, आणि चॅट सोडून त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं, त्याचा ईमेल साइटच्या अगदी तळाला बारीक अक्षरात असतो. तिथं पहिल्यांदा कुणीतरी माणसासारखं वाचलं. मंजुरीचा मेल आला तेव्हा मी बिंदू चौकात होतो, तिथंच गाडी बाजूला लावून सगळ्यांना फोन केले. तो तक्ता तुम्ही अर्जासोबतच द्या, नामंजुरीची वाट बघू नका.

तरी पूर्ण सुटका नाही झाली, कारण एकदा पैसे घ्यायची परवानगी वेगळी आणि दर महिन्याला आपोआप कापायची वेगळी, दुसऱ्यासाठी परत अर्ज. रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावर लागू आहे, ग्राहकानं पहिल्यांदा ओटीपी टाकून मँडेट, म्हणजे दर महिन्याला पैसे कापायची संमती, द्यायची, आणि पैसे कापायच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना गेली पाहिजे. आमच्याकडं तसंही बहुतेक लोक यूपीआय ऑटोपेच घेतात, कार्ड देणारे कमी. मँडेटला घाबरणारे पण आहेत, खात्यातून गुपचूप पैसे जातील म्हणून, त्यांच्यासाठी आम्ही तीन महिन्यांचा एकदाच भरायचा पर्याय ठेवला आणि तो चांगला चालला.

करारावरून आठवलं. कॉमिकशी करार करताना मुदत आणि प्रदेश लिहाच. कॉपीराइट कायद्यात असं आहे की मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आपली दुबईत, अमेरिकेत असलेली मंडळी बघणार असतील तर जगभर असं स्पष्ट लिहा. मुदत आम्ही मुद्दाम दोनच वर्षं ठेवलीय, पोराचा सेट त्याचा आहे, उद्या तो मोठा झाला तर तो त्याला परत मिळाला पाहिजे. एंट्रीला वाजवलेलं सिनेमाचं गाणं व्हिडिओत राहू देऊ नका, स्ट्रीमिंगचे हक्क वेगळे लागतात, आम्ही एका ओळखीच्या हलगीवाल्याकडून तुकडा वाजवून घेतला, त्याचे पैसे दिले आणि त्याचा पण करार केला.

आणि सुरू केल्यापासून ३० दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपली माहिती कळवायची असते, तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर लावायचं, तक्रार आली की २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल. ते काम आमच्यात मीच घेतलंय. प्ले स्टोअरवर ॲप टाकायची घाई करू नका, नवीन वैयक्तिक अकाउंट असेल तर १२ टेस्टर, म्हणजे ॲप वापरून बघणारी माणसं, सलग १४ दिवस ठेवावे लागतात. मोबाइलवर नीट चालणारी वेबसाइट सुरुवातीला पुरते, आमचे पहिले सगळे सबस्क्रायबर तिथूनच आले.